डॉक्टर नक्की कुणाचा?

या वेळी प्रश्न मागवले होते ते निवडणुकीतल्या उमेदवारांच्या प्रकृतीबद्दल. ती मतदारांना किती कळावी, कोणी सांगावी, आणि सांगितलेले कितपत खरे मानावे? पत्रे भरपूर आली. बऱ्याच पत्रांत प्रश्न नव्हताच, थेट निदान होते आणि त्याखाली फक्त माझी सही हवी होती. ती बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : उमेदवार मालमत्ता, कर्ज, खटले, शिक्षण सगळे शपथेवर लिहून देतो. मग प्रकृतीचाच रकाना का नाही? डॉक्टरांचा दाखला सक्तीचा केला तर काय बिघडेल? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, रकाना नाही हे खरे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर नमुना २६ च्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण हे सगळे आले, प्रकृती मात्र आली नाही. राज्यघटनेच्या कलम १०२ मध्ये अपात्रतेची जी कारणे दिली आहेत, त्यांत आजाराच्या जवळपास जाणारे एकच : न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती. हृदय, मूत्रपिंडे, मेंदूतली गाठ यांबद्दल कायदा गप्प आहे. अमेरिकेतही उमेदवार जे काही जाहीर करतात ते प्रथेपोटी, कायद्याच्या धाकाने नव्हे.

आता दाखला. तो सक्तीचा केला तर एवढेच होईल की सगळ्यांकडे दाखला असेल.

मी नोकरीतली बरीच वर्षे मेडिकल बोर्डावर काढली. नोकरीला लागणाऱ्यांना तपासायचे आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहून सही करायची. एकदा ड्रायव्हरच्या जागेसाठी एक तरुण आला. दृष्टीच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्याने एका दमात म्हणून दाखवली. अक्षरे ओळखायला माणूस जेवढा थांबतो तेवढाही हा थांबला नाही, म्हणून मी कंपाउंडरला दुसरा तक्ता लावायला सांगितला. गडी पुन्हा पहिल्याच तक्त्याची ओळ तितक्याच जोशात म्हणाला! हसू आवरले नाही, पण सही केली नाही. मला ते जमले, कारण तो माझा पेशंट नव्हता. माझा पेशंट असता, त्याच्या आईने माझ्याकडे वर्षानुवर्षे औषध घेतले असते, तर मी ‘चष्म्यासह ठीक’ असे काहीतरी लिहून मोकळा झालो असतो. उपचार करणारा डॉक्टर पेशंटच्या बाजूचाच असतो आणि असायलाही हवा. म्हणूनच उमेदवाराच्या फॅमिली डॉक्टरचे पत्र मतदाराच्या काही कामाचे नाही.

इतिहासात डोकावलात तर हेच दिसेल. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४४ मध्ये चौथ्यांदा उभे राहिले. त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने रूझवेल्टना तपासले, तेव्हा हृदय मोठे झालेले, हार्ट फेल्युअर सुरू झालेले आणि रक्तदाब १८६/१०८. ब्रुएनला तोंड उघडायची मुभा नव्हती. मॅकिंटायर वर्तमानपत्रांना सांगत राहिले की वयाच्या मानाने प्रकृती उत्तम. नोव्हेंबरात रूझवेल्ट जिंकले आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. हॅरी ट्रुमन उपाध्यक्ष होऊन तेव्हा ८२ दिवस झाले होते आणि अणुबाँबच्या प्रकल्पाची नीट माहिती त्यांना अध्यक्ष झाल्यावर मिळाली. म्हणजे १९४४ चा मतदार प्रत्यक्षात ट्रुमनना निवडून देत होता, फक्त हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

फ्रान्समध्ये तर आणखी मजा. फ्रान्स्वा मितराँ १९८१ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले ते दर सहा महिन्यांनी प्रकृतीचे पत्रक काढण्याचे वचन देऊन. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रोस्टेटचा कॅन्सर सापडला, तोही हाडांत पसरलेला. पत्रके ठरल्याप्रमाणे निघत राहिली, खाली डॉ. क्लोद गुब्लेर यांची सही, आणि कॅन्सरचा त्यांत पत्ता नाही. १९८८ मध्ये मितराँ पुन्हा निवडून आले. लोकांना आजार कळला तो १९९२ मध्ये. जानेवारी १९९६ मध्ये ते गेल्यावर गुब्लेरनी सगळे छापून टाकले. तेव्हा न्यायालयाने गुब्लेरना शिक्षा दिली ती पेशंटचे गुपित फोडल्याबद्दल. डॉक्टर म्हणून मला तो निकाल समजतो. फ्रेंच मतदार असतो तर कपाळावर हात मारला असता.

आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या डॉक्टरांचे डिसेंबर २०१५ चे ते पत्र आठवत असेलच : निवडून आले तर आजवरच्या सगळ्या अध्यक्षांत हे सर्वांत निरोगी ठरतील! आधीच्या अध्यक्षांना न तपासता हा निष्कर्ष कसा काढला, हे मला आजही कळलेले नाही. त्याच डॉक्टरांनी २०१८ मध्ये सांगून टाकले की मजकूर ट्रम्पनीच तोंडी सांगितला होता.

यावर पुष्कळ जण म्हणतात, मग सरकारी बोर्ड नेमा. मी बोर्डावर बसलो आहे, म्हणून मला ते नको वाटते. नेमणार कोण? ज्याचे सरकार त्याचे बोर्ड. सूचकाच्या सहीवरून अर्ज बाद करायला धावणारी माणसे विरोधकाच्या ईसीजीत काहीतरी शोधल्याशिवाय राहतील का? त्यापेक्षा उमेदवाराने स्वतःहून, ज्यांनी त्याच्यावर कधीच उपचार केलेले नाहीत अशा दोन-तीन डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि त्या डॉक्टरांनी पत्रकारांसमोर बसून प्रश्नांना तोंड द्यावे. सक्ती नको. जो करणार नाही त्याला ‘का नाही?’ एवढे मात्र प्रत्येक सभेत विचारत राहावे.

प्रश्न : सोबत व्हिडिओची लिंक पाठवली आहे. भाषणात या नेत्याचा डावा हात थरथरतो. पार्किन्सन्सच ना? तुमच्यासारख्या अनुभवी डॉक्टरांनी लोकांना सावध करायला हवे.

उत्तर : मी व्हिडिओ पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. हात थरथरण्याची कारणे डझनभर निघतील : थायरॉइड, दम्याचा पंप, झोप न होणे, घराण्यातून आलेला कंप, नुसती घबराट. खोलीत बसवून, हात टेकवून, उचलायला लावून, चालवून पाहिल्याशिवाय त्यातले एकही नाव घेता येत नाही.

हा उद्योग एकदा मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १९६४ मध्ये एका अमेरिकन मासिकाने १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना विचारले, बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? २,४१७ उत्तरे आली. त्यांतल्या १,१८९ जणांनी ‘नाही’ म्हणून सांगितले. गोल्डवॉटरनी निवडणूक हरल्यावर मासिकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. न तपासलेल्या माणसाबद्दल जाहीर मत द्यायचे नाही, हा तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम त्यातूनच १९७३ मध्ये आला. तुम्ही मला एक हजार एकशे नव्वदावा करू नका.

प्रश्न : उमेदवारांना स्मरणशक्तीची चाचणी द्यायला लावावी, तीस पैकी गुण जाहीर करावेत. एवढे तरी सोपे आहे ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

उत्तर : चाचणी सोपी आहे, तेच तिचे दुखणे आहे. तुझ्या मनात आहे ती बहुधा माँट्रियलमध्ये तयार झालेली ‘मोका’. दहा-बारा मिनिटांत होते. घड्याळाचा चेहरा काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची, सिंह-गेंडा-उंट ओळखायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचे, आणि सुरुवातीला ऐकलेले पाच शब्द थोड्या वेळाने परत सांगायचे. २६ किंवा त्याहून जास्त गुण आले तर साधारणपणे ठीक मानतात. ट्रम्पना २०१८ मध्ये तीसपैकी तीस पडल्याचे व्हाइट हाउसच्या डॉक्टरांनी सांगितले आणि जणू काही प्रवेशपरीक्षेत पहिला नंबर आला, अशी चर्चा झाली.

ही चाळणी आहे, विस्मरणाची सुरुवात तर नाही ना हे पाहणारी. दंगलीच्या रात्री दोन अधिकारी दोन उलट गोष्टी सांगत असताना माणूस काय ठरवेल, हे गेंडा ओळखण्यावरून कळत नाही. उलट, आयुष्यभर बोलण्या-वाचण्यात गेलेला हुशार माणूस घसरण सुरू झाल्यावरही बरेच दिवस चांगले गुण मिळवतो. जो बायडन यांच्याबद्दल लोकांचे मत बदलले ते कुठल्या गुणपत्रिकेने नाही, तर २७ जून २०२४ च्या वादविवादाने. महिना उलटायच्या आत, २१ जुलैला ते शर्यतीतून बाहेर पडले. लिहून न आणलेले, समोरून अडवणाऱ्या माणसाशी नव्वद मिनिटे बोलणे ही मला तरी जास्त कठीण चाचणी वाटते. ज्या प्रचारात उमेदवार एकही खुली मुलाखत देत नाही, तिथे मी रक्ताचे रिपोर्ट मागायच्या आधी मुलाखत मागेन.

प्रश्न : मी अनेक वर्षे नैराश्यावर औषधे घेते आणि माझे काम चोख करते. उमेदवाराने मानसिक आजारही जाहीर करावा असे लोक म्हणतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तुम्हाला काय वाटते?

उत्तर : जुना, आटोक्यात असलेला आजार कोणी जाहीर करावा असे मला वाटत नाही. तो मानसिक असो की शारीरिक.

१९७२ मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदासाठी टॉमस ईगल्टन यांना उभे केले. त्यांना साठच्या दशकात नैराश्यासाठी तीनदा इस्पितळात राहावे लागले होते, विजेचे झटकेही दिले होते. हे बाहेर आले आणि मिळाल्यापासून अठरा दिवसांत त्यांची उमेदवारी गेली. पुढचे कमी लोक सांगतात : ते सिनेटमध्ये १९८७ पर्यंत राहिले, दोनदा पुन्हा निवडून आले. कामाला ते नालायक होते असे त्यांच्या मतदारांना तरी वाटले नाही. ईगल्टन यांची चूक असेल तर एवढीच, की त्यांनी ज्याच्या जोडीने लढायचे त्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला, मॅक्गव्हर्ननाही, आधी सांगितले नव्हते. सोबत्याला सांगणे आणि चव्हाट्यावर मांडणे यांत फरक आहे.

अलीकडे फरक पडतोय. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जॉन फेटरमन फेब्रुवारी २०२३ मध्ये नैराश्याच्या उपचारांसाठी इस्पितळात दाखल झाले आणि त्यांच्या कार्यालयाने तसे सरळ सांगितले. काही आठवड्यांनी ते कामावर परतले. तुमच्या पोटातला गोळा याने जाणार नाही, कल्पना आहे. तरी सांगावेसे वाटले.

प्रश्न : एका उमेदवाराचा प्रचार सांभाळतो. ऐन प्रचारात साहेबांच्या छातीत दुखले, स्टेंट टाकावा लागला. आम्ही ‘अतिश्रमामुळे विश्रांती’ असे पत्रक काढले. आता लोक विचारू लागलेत. खरे सांगितले तर विरोधक तुटून पडतील. काय करावे? (नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

उत्तर : थकव्यावर स्टेंट टाकत नाहीत आणि इस्पितळातल्या वॉर्डबॉयपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. तुमचे गुपित आता फक्त तुमच्यापुरतेच उरले आहे.

आधी साहेबांना विचारा. प्रकृती त्यांची, सांगायचा हक्क त्यांचा. ते शुद्धीवर आहेत, बोलताहेत, तर मुलगा-पुतण्या-कार्याध्यक्ष यांनी परस्पर काही ठरवू नये. ते हो म्हणाले तर आज रात्रीच सांगून टाका. उद्यावर गेले की प्रश्न आजाराचा राहत नाही, लपवण्याचा होतो. हिलरी क्लिंटन ११ सप्टेंबर २०१६ रोजी एका कार्यक्रमातून तोल जात बाहेर पडल्या. प्रचाराने आधी सांगितले, उकाड्याचा त्रास झाला. काही तासांनी सांगितले, न्यूमोनिया आहे, आणि निदान दोन दिवसांपूर्वीच झाले होते. न्यूमोनिया आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो. ‘दोन दिवस गप्प का होता?’ हा प्रश्न मात्र मतदानापर्यंत पाठ सोडत नाही.

तुमच्या बाबतीत धडा घ्यायचा तो आयझेनहॉवर यांच्याकडून. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष असताना त्यांना हार्ट अॅटॅक आला. पहिली बातमी दिली गेली ती अपचनाची! तुमच्या ‘अतिश्रमा’चीच बहीण. पण त्याच दिवशी ती सुधारून हृदयविकार जाहीर केला, आणि मग पॉल डडली व्हाइट या बोस्टनच्या नामांकित हृदयरोगतज्ज्ञांना पत्रकारांसमोर बसवले. त्यांनी हृदयाचा स्नायू कुठे दुखावला, तो कसा भरून येतो, किती आठवडे लागतात, सगळे शाळेतल्या मास्तरांसारखे समजावले. अध्यक्षांना शौचास साफ झाल्याचेही सांगितले. एवढे तुम्ही सांगू नका. शेअर बाजार सोमवारी कोसळला, हेही खरे. सत्य फुकट मिळत नाही. पण पुढच्या वर्षी ते आधीपेक्षा मोठ्या फरकाने निवडून आले.

बोलू द्या डॉक्टरांना, तुम्ही बोलू नका. डॉक्टर शक्यतो असा घ्या, ज्याचे इस्पितळ साहेबांच्या ट्रस्टचे नाही. त्यांनी झटका येऊन गेला का, हृदयाचे पंपिंग किती राहिले, आणखी काही करायचे बाकी आहे का, सभा कधीपासून आणि किती, एवढ्या प्रश्नांना साध्या मराठीत उत्तरे द्यावीत. कोणत्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा होता, कोणत्या कंपनीचा स्टेंट, मधुमेह आहे का, वडील कशाने गेले, यातले काही सांगायची गरज नाही.

एक सापळा सांगून ठेवतो, कारण तुमचा वकील तो सुचवेलच : शब्दशः खरे आणि प्रत्यक्षात खोटे वाक्य. १९६० मध्ये जॉन केनेडींच्या प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना अॅडिसनचा, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी काम करेनाशा होण्याचा, आजार असल्याचे उघड केले. प्रचाराचे उत्तर असे की, क्षयामुळे अॅड्रिनल ग्रंथी नष्ट होते तो पारंपरिक अर्थाचा अॅडिसन त्यांना नाही. क्षयाने झालेला नव्हता, हे बरोबर. ग्रंथी काम करत नव्हत्या आणि १९४७ पासून ते त्याच्यावर औषध घेत होते, हेही तितकेच बरोबर. डॉक्टरांच्या पत्रात ‘सध्या’, ‘पारंपरिक अर्थाने’, ‘लक्षणीय’ असे शब्द दिसले की मी तिथे पेन्सिलीने खूण करतो.

फाइलच्या फाइल खुली करायचीही घाई करू नका. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी २००८ मध्ये आपल्या वैद्यकीय नोंदींची १,१७३ पाने खुली केली, पण निवडक पत्रकारांना, तीन तासांपुरती, झेरॉक्सला बंदी. तीन तासांत एवढी पाने? माझ्यासारख्याला त्यातला एक डिस्चार्ज कार्ड नीट वाचायला अर्धा तास लागतो. पुढे २०१८ मध्ये ते गेले ते मेंदूच्या कॅन्सरने, आणि त्याचे निदान २०१७ मधले. त्या पानांत तो असणे शक्यच नव्हते.

प्रश्न : उमेदवारीला वयाची कमाल मर्यादा घातली की सगळा घोळ मिटेल. बरोबर?

उत्तर : रूझवेल्ट गेले तेव्हा ६३ वर्षांचे होते. कोनराड आडेनाउअर ७३ व्या वर्षी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर झाले आणि ८७ व्या वर्षापर्यंत राहिले. पुढचा प्रश्न घेऊ.

प्रश्न : लोकांना आजार ठाऊक असूनही ते निवडून देतात. मग जाहीर करून न करून फरक काय पडतो? तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांचे उदाहरण घ्या.

उत्तर : घेऊ. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, पक्षाघाताचा झटका आला. त्यांना न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या इस्पितळात नेले आणि तिथे मूत्रपिंड बदलले. डिसेंबरातल्या निवडणुकीत ते आंडिपट्टीतून उभे होते, पण मतदारसंघात पाऊलही न टाकता जिंकले. पक्षालाही बहुमत मिळाले. ते जिवंत आहेत की नाहीत अशा अफवा होत्या, म्हणून इस्पितळातली चित्रफीत राज्यभर दाखवली गेली.

लोकांना माहीत होते हे तुमचे म्हणणे मान्य. आजारी माणसाला डोळे उघडे ठेवून निवडून द्यायचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात डॉक्टरांनी नाक खुपसू नये. पण काय माहीत होते ते बघा. नेता जिवंत आहे, बरा होतोय, हे चित्रफितीने सांगितले. पक्षाघाताने बोलण्याचे काय झाले, ते कितपत परत येईल, तोवर मंत्रिमंडळाची बैठक कोण घेणार, हे मुक्या चित्रावरून कसे कळणार? फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि १९८७ च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत राज्य केले, पण वाचा पूर्वीसारखी परत आली नाही. मला त्या वेळी कोणी विचारले असते तर मी चित्रफितीऐवजी ब्रुकलिनच्या न्यूरॉलॉजिस्टची दहा मिनिटांची मुलाखत मागितली असती. मते कदाचित तेवढीच पडली असती.